मालवणच्या बाबांना टोकियोतल्या हॉटेलात सुशी खायला न्यावं का?

सुरंगी
आईबाबा जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी टोकियोला येतायत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. इथे असतानाच बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. त्यांच्या कायम लक्षात राहील असं काहीतरी करावं असं मनात आहे. नवऱ्याने सुचवलं की एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या सुशी काउंटरवर नेऊया. आठ-दहा माणसं लाकडी फळीपाशी बसलेली, पलीकडे आचारी उभा, आणि तो एकेक घास वळून समोर ठेवणार. आम्ही निशि-कासाईला तीन वर्षं राहतोय, पण आमची मजल फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीपुढे गेलेली नाही.

बाबा मालवणचे, शाळेत मास्तर होते. रापण ओढली की अजूनही स्वतः किनाऱ्यावर जातात, कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नाहीत. पण कच्चा मासा त्यांनी आयुष्यात खाल्लेला नाही. आईला मासे आवडतात ते रव्यात कुरकुरीत तळलेले, शिवाय ती सोमवार-गुरुवार पाळते.

एका हॉटेलात चौकशी केली. रात्रीचं जेवण माणशी तीस हजार येन, वर सेवाशुल्क आणि कर. चौघांचे दीड लाखाच्या आसपास जातात. एवढे पैसे मोजावेत असं त्यात नेमकं काय असतं? या वयात कच्चा मासा चालेल का? आई काय खाईल? आणि तिथे बसायचं-वागायचं कसं? जे जाऊन आलेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

बोंबीलप्रेमी
मालवणी माणूस, पंच्याहत्तरी आणि टोकियो! नेच गं. बाकीचे मुद्दे नंतर.

खाडीकाठ
मी उलट सांगतो. माझ्या वडिलांना आम्ही असंच एका मोठ्या ठिकाणी नेलं होतं (सुशी नव्हे, पण महागडंच). किंमत कळल्यावर त्यांचा घास घशाखाली उतरेना, पूर्ण वेळ अवघडून बसले होते. आपल्याकडच्या त्या पिढीला आपल्यावर झालेला खर्च टोचतो. त्यापेक्षा घरी वाढदिवस करा आणि एक दिवस समुद्रकाठच्या एखाद्या गावात घेऊन जा. कामाकुरा, मिउरा, काहीही. मासेमारीच्या होड्या बघून ते जास्त खूश होतील.

एदोगावाकर
खाडीकाठ यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे: दुपारी जा. त्याच काउंटरवर, बऱ्याचदा त्याच आचाऱ्याच्या हातचं जेवण दुपारी निम्म्याहून कमी पैशात मिळतं. घास थोडे कमी आणि सगळ्यात महागडे जिन्नस नसतात, एवढाच फरक. आणि बिल टेबलावर येऊच देऊ नका. आरक्षण करतानाच सांगा की पैसे बाजूला, काउंटरपासून लांब देऊ. हॉटेलवाल्यांना ही विनंती नवीन नाही.

आता मुख्य प्रश्न, पैसे कशाचे. मी चौदा वर्षं इथे आहे, आणि पहिली पाच-सहा वर्षं माझाही समज होता की सुशी म्हणजे भातावर ठेवलेला कच्चा मासा. टोकियोतली जुन्या वळणाची सुशी, जिला 'एदोमाए' म्हणतात, ती तशी नसते. एदो हे टोकियोचं जुनं नाव, एदोमाए म्हणजे एदोच्या समोरचा, म्हणजे टोकियोच्या खाडीतला मासा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जायची. हानाया योहेई या माणसाला तिचं श्रेय देतात. तेव्हा बर्फ नव्हता. मग मासा टिकवायला कुणी मीठ लावून व्हिनेगरमध्ये ठेवायचं, कुणी सोयाच्या रसात मुरवायचं, कुणी कोंबू या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत दाबून ठेवायचं, कुणी उकडायचं. फ्रिज आला तरी या क्रिया राहिल्या, कारण त्यांनी चव बदलते. कोहादा नावाचा एक लहान चंदेरी मासा आहे, काटेरी आणि स्वस्त. त्याला मीठ किती मिनिटं लावायचं हे त्या दिवशीच्या माशाच्या आकारावर आणि चरबीवर ठरतं. टोकियोतले जाणकार आचाऱ्याची परीक्षा कोहादावर करतात, ट्यूनावर नाही.

आणि ट्यूनाच्या पोटाकडचा तो चरबीदार 'तोरो', ज्याला आज सोन्याचा भाव आहे, तो एदोच्या काळात हलका समजायचे. मांजरसुद्धा ओलांडून जाईल, असं त्याबद्दल म्हणत.

हॉटेलच का, तर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ते बरं पडतं. गिंझामधल्या आठ खुर्च्यांच्या दुकानात जपानी न येणाऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होतं, आरक्षणही सहज मिळत नाही. गिंझाचं क्यूबेई हे १९३५ सालचं नावाजलेलं दुकान, त्याच्या शाखा न्यू ओतानीसारख्या मोठ्या हॉटेलांत आहेत. समुद्री शेवाळाचा काठ लावून वर माशाची अंडी भरतात ती 'गुंकान', म्हणजे युद्धनौकेच्या आकाराची सुशी त्यांच्याकडेच जन्मली असं सांगतात. अशा ठिकाणी काम जुन्या वळणाचं मिळतं आणि परदेशी पाहुण्यांची सवयही असते.

लोअरपरळ
एदोगावाकर, वाचनखूण साठवली.

मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये मोरिमोतो या जपानी आचाऱ्याच्या नावाचं 'वसाबी' हे रेस्टॉरंट २००४ पासून आहे, तेव्हा इथेही हा प्रकार नवा नाही. पण माझा अनुभव दुसऱ्या एका पंचतारांकित हॉटेलातला. भात फ्रिजमधून काढल्यासारखा गार आणि कडक होता. मासा चांगला असूनही घास कोरडा लागला. पुढे ओसाकाला कामानिमित्त गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की भात कोमट असतो. खरं सांगतो, मी त्या दिवशी पहिला घास खाऊन थांबलो आणि बराच वेळ दुसरा उचललाच नाही. इतका वेगळा पदार्थ होता.

हातसडी
लोअरपरळ यांनी माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढला. सुशी म्हणजे मासा नाहीच, सुशी म्हणजे आंबवलेला, आंबट भात. शब्दाचा मूळ अर्थच 'आंबट' असा आहे. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा. भात आंबतो, मासा टिकतो, आणि खाताना भात टाकून द्यायचा! बिवा सरोवराकाठी फुना-झुशी अजून तशी करतात. पुढे लोकांना धीर धरवेना, मग भातात व्हिनेगर घालून तो आंबटपणा लगेच आणायला लागले.

सुशीच्या भाताला आचारी 'शारी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'शरीर'वरून गेलाय. बुद्धाच्या अस्थींना संस्कृतात शरीर म्हणत, बौद्ध धर्माबरोबर तो शब्द जपानला पोचला, आणि पांढऱ्या शुभ्र दाण्यांना त्या अस्थींची उपमा मिळाली. सुरंगी, बाबा मास्तर आहेत ना, त्यांना हे नक्की सांग.

भात लाकडी परातीत काढून गरम असतानाच व्हिनेगर, मीठ, साखर घालतात आणि न मळता, कापल्यासारखा परततात. काही ठिकाणी भात तांबूस दिसेल. तो साकेच्या चोथ्यापासून केलेल्या तांबड्या व्हिनेगरचा रंग. मुंबईहून कोल्हापूरला आल्यापासून मी घरी इंद्रायणीवर प्रयोग करते. चिकटपणा जमतो, पण इंद्रायणीचा वास व्हिनेगरशी भांडतो. आंबेमोहोर तर अजिबात नको.

बोंबीलप्रेमी
आंबेमोहोर घालून बघितलात? तुमच्या धाडसाला दंडवत. :)

हातसडी
बघितला. घरच्यांनी त्याचा दहीभात करून संपवला.

वैद्यबुवा
तब्येतीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. समुद्री माशातली मुख्य काळजी म्हणजे अनिसाकिस नावाची अळी. व्हिनेगर, मीठ किंवा वसाबीने (सुशीला लावतात ते झणझणीत हिरवं मूळ) ती मरते हा गैरसमज आहे. शिजवणं किंवा गोठवणं हेच उपाय. जपानच्या आरोग्य मंत्रालयाचा निकष उणे २० अंशांवर किमान २४ तास असा आहे. खोल समुद्रातला बराचसा ट्यूना तर उणे ६० च्या आसपास गोठवूनच येतो. न गोठवलेल्या माशासाठी आचारी तो लवकर साफ करतात, आतडी काढतात, मांस डोळ्यांनी तपासतात. चांगल्या ठिकाणी धोका कमी असतो, शून्य नसतो. खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोरात दुखलं तर अंगावर काढू नका, दवाखान्यात जाऊन काय खाल्लं ते सांगा.

बाबांना मधुमेह असेल तर भातातली साखर आणि रक्तदाब असेल तर सोया, दोन्ही लक्षात ठेवा. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर कच्चं टाळाच. आणि हे वाचून कुणी मालवणात आणलेला बांगडा कच्चा खाऊन बघू नये. तो त्या हिशोबाने पकडलेला, हाताळलेला नसतो. गोड्या पाण्यातला तर मुळीच नको.

सुरंगी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वैद्यबुवा, बाबांना फक्त रक्तदाब आहे, गोळीवर व्यवस्थित आहे. दुपारचा सल्ला पटला. पण आईचं काय? आणि लोअरपरळ म्हणतात तो भात खाऊन बघायची मलाच आता घाई झालीये.

भोपळ्याची_वेल
मी शाकाहारी, नवरा जपानी कंपनीत, त्यामुळे अशा काउंटरवर सहा-सात वेळा बसले आहे. आईंसाठी: आनागो (वामेसारखा समुद्री मासा, शिजवून वर गोडसर रस लावतात), उकडलेली कोळंबी, आणि तामागो म्हणजे अंड्याची गोडसर जाड वडी. वसाबी नको असेल तर 'साबी-नुकी' म्हणायचं.

आणि कानप्यो-माकी आवर्जून मागा. भोपळ्याच्या लांब फिती सुकवून, सोया-साखरेत शिजवून भातात गुंडाळतात. तो भोपळा म्हणजे वनस्पतीशास्त्रात आपला दुधीच, तीच जात. ज्या भाजीला आमच्या घरी सगळे नाकं मुरडतात ती त्या काउंटरवर जेवणाच्या शेवटी मानाने येते.

पूर्ण शाकाहारींना मात्र एक सूचना. कानप्यो, तामागो, सूप यांत बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो. आधी सांगितलं तर काकडी आणि लोणच्याच्या गुंडाळ्या वेगळ्या करून देतात. आयत्या वेळी सांगितलं तर आचारी अडचणीत येतो, त्याची खरेदी सकाळीच झालेली असते.

खाडीकाठ
दुधीची सुशी! माझा विरोध ढिला पडतोय.

पाहुणचार
मी टोकियोत हॉटेलात चार वर्षं काम केलंय, स्वागतकक्षात. वागण्याबद्दल लिहितो. लोक उगाच घाबरतात.

वेळेवर जा. सगळ्यांचा भात एका वेळेच्या हिशोबाने तयार होतो. अत्तर, सेंट, वासाची फुलं नकोत, कारण शेजारच्याला मासा कळत नाही. घड्याळ, बांगड्या लाकडी फळीवर घासू देऊ नका, ती फळी बहुधा हिनोकीच्या एका अखंड लाकडाची असते. घास समोर ठेवला की लगेच खा, गप्पा मारताना तो तसाच ठेवू नका. एका घासात खायचं. हाताने खाल्लं तरी चालतं! उलट जुनी रीत तीच. आपल्या लोकांना हे सांगितलं की चेहरे खुलतात.

बऱ्याच ठिकाणी आचारीच वरून सोयाचा हात फिरवतो, मग वेगळा लावायचा नाही. लावायचा असेल तर माशाची बाजू टेकवा, भात बुडवू नका, तो सुटतो. आलं माशावर ठेवायचं नसतं, दोन घासांच्या मध्ये खायचं. वसाबी सोयात कालवू नका, ती आचाऱ्याने आत लावलेलीच असते. आणि खरी वसाबी शार्कच्या कातडीच्या किसणीवर तिथल्या तिथे किसतात. बाजारातल्या नळीतल्या हिरव्या लगद्यात बऱ्याचदा दुसरंच मूळ असतं, त्या दोन चवींत फार अंतर आहे. बक्षिसी देऊ नका. उठताना 'गोचिसोसामा देश्ता' (जेवणाबद्दल आभार) म्हणा, आचाऱ्याकडे बघून म्हणा.

सामन मागू नका असं काही जण सांगतात. मागितला तर कुणी रागावत नाही, पण एदोमाएत तो नसतोच. कच्चा सामन जपानी सुशीत रुजला तो १९८० च्या दशकात नॉर्वेने प्रयत्न केल्यावर.

चंदेरी
मला थोडं वेगळं म्हणायचंय. हॉटेलात मन लावून बनवतात हे कबूल, पण फिरत्या पट्ट्याला नावं ठेवू नका. १९५८ मध्ये ओसाकाजवळ शिराइशी नावाच्या दुकानदाराने बिअर कारखान्यातला पट्टा बघून ती युक्ती काढली, आणि सुशी कामगारांच्या खिशाला परवडायला लागली. गाडीवरचा पदार्थ होता तो, पुन्हा साध्या माणसाकडे गेला. मी विद्यार्थी असताना महिन्यातून एकदा तिथे पोटभर खाऊन परीक्षा दिल्यात. बाबांना दोन्ही दाखवा. आधी पट्टा, मग काउंटर.

एदोगावाकर
चंदेरी, +१. क्रमही तोच ठेवा, फरक त्यांना स्वतःलाच कळेल.

सुरंगी
जाऊन आलो! शनिवारी दुपारी बारा वाजता. उशीर झालाय, पण सगळं लिहूनच झोपणार आहे.

आईने मोगऱ्याचा गजरा घालायचं ठरवलं होतं (इथल्या फुलवाल्याकडे मोगऱ्याची कुंडी मिळाली होती). पाहुणचार यांचं वाचून दाखवलं तर काही न बोलता काढून फ्रिजमध्ये ठेवला.

आचारी साठीचे असावेत. नऊ खुर्च्या, आम्ही चार, बाकी दोन जपानी जोडपी. बाबा पहिली दहा मिनिटं काही बोललेच नाहीत, फक्त आचाऱ्यांचे हात बघत होते. डाव्या हातात मासा, उजव्या हाताने भाताचा गोळा, तीन-चार वेळा बोटं फिरली की घास तयार. लोअरपरळ, भात कोमट होता. तोंडात गेल्यावर दाणा न् दाणा सुटा झाला. मी तीन वर्षं इथे राहून हे खाल्लं नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

तिसरा का चौथा घास किसु नावाच्या माशाचा होता. कोंबूत दाबून ठेवलेला, वर चंदेरी कातडी. बाबांनी तो उचलला नाही, नुसता वाकून बघितला, आणि मला म्हणाले, विचार, अख्खा मासा बघायला मिळेल का. मला इतका संकोच वाटला. पण आचाऱ्यांनी लगेच लाकडी पेटीतून एक काढून पानावर ठेवला. बाबा म्हणाले, "गो, ही मुडदुशीच मा!"

मी फोनवर शोधलं. खरंच एकाच कुळातले मासे आहेत. मग आचाऱ्यांनी विचारलं, तुम्ही ही कशी खाता? बाबा सांगतायत, मी भाषांतर करतेय. हळद, मीठ, कोकमाचं आगळ, मग रव्यात घोळवून तळायची. आगळला जपानी शब्द काय सांगू? शेवटी म्हटलं, एका आंबट फळाचा खारवलेला रस. आचारी थांबले. म्हणाले, म्हणजे तुम्हीही आधी आंबट लावता. आणि त्यांनी सांगितलं की किसुला तेही मीठ लावून व्हिनेगरच्या पाण्यातून काढतात, मग कोंबूत ठेवतात. मी बाबांना सांगितलं तर ते आईकडे वळून म्हणाले, "हेंकापण म्हायती आसा, माशाक आंबट व्हयाच." त्यानंतर त्यांचा सगळा अवघडलेपणा गेला. दोघे म्हातारे माझ्या तोडक्या-मोडक्या भाषांतरावर तासभर माशांविषयी बोलले. आचाऱ्यांनी 'मुडदुशी' हा शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि एका कागदावर काताकानात लिहून ठेवला.

बाबांना कोहादा फार आवडला, एकच आणखी मागून घेतला. तोरो ठीक म्हणाले, "लोण्यासारखो, पण माशाची चव खंय?" समुद्री साळिंदराचं उनी त्यांना अजिबात आवडलं नाही, चहा पिऊन गिळलं. आईने कोळंबी, आनागो, तामागो आणि कानप्यो खाल्लं. दुधी आहे हे सांगितल्यावर तिचा विश्वासच बसेना. शेवटी आचाऱ्यांनी तिच्यासाठी एक घास वरून जरा भाजून दिला, आत कच्चाच होता. तिने खाल्ला, काही बोलली नाही, आणि थोड्या वेळाने मला हळूच विचारलं, तो मघाचा अजून एक मिळेल का.

चौघांचे साठ हजार येनांच्या आसपास झाले. बाजूला जाऊन दिले. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

खाडीकाठ
दोनदा वाचलं. माझे वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. विरोध मागे.

हातसडी
"हेंकापण म्हायती आसा" वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना शारीची गोष्ट सांगितलीस का?

सुरंगी
सांगितली. त्यांनी डायरीत लिहून घेतली. आता त्यांना मासळीबाजार बघायचाय, रोज विचारतायत. सुकिजी का तोयोसु?

एदोगावाकर
घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसुला गेला. सुकिजीत आता बाहेरची दुकानं आणि खाण्याची ठिकाणं आहेत. ट्यूनाचा लिलाव अगदी जवळून बघायचा असेल तर आधी अर्ज करून सोडतीत नाव लागावं लागतं, त्याला आता उशीर झालाय. पण वरच्या मजल्यावरच्या काचेतून अर्जाशिवाय बघता येतं. पहाटे साडेपाचच्या आत पोचा. बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, त्यांचं कॅलेंडर बघून जा. २०१९ च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला होता, तो तिथेच.

सुरंगी
बाबांना आकडा सांगितला. पहिला प्रश्न: "कल्ले बघूक देतत काय?"

या गुरुवारी पहाटे जातोय. आईचा गुरुवार आहे. ती म्हणते, मी नुसती बघेन.